साळूबाईचा आठवा महिना

मुलांनो, एका जंगलात वडाखाली एचआयव्हीची तपासणी फुकट होत असे. ती सर्व माद्यांसाठी होती. फक्त त्या गरोदर हव्यात.

एके दिवशी साळूबाई नावाची साळिंदराची मादी तिथे आली. टेबलामागे बगळा बसला होता.

"कितवा महिना?"

"महिना नाही, भाऊ. आमचे हे याच आजाराने गेले. माझंही रक्त बघा. वेळेत कळलं तर औषध असतं म्हणे."

"असतं ना! पण ही योजना बाळासाठी आहे, बाई."

"आणि आईसाठी?"

"बाळ नाही, तर तुम्ही आई कसल्या?" बगळ्याला खरोखरच कळेना.

दुसऱ्या दिवशी साळूबाई पोटाला भोपळा बांधून आली. बगळ्याने टेप लावली.

"आठवा! काल तर काहीच नव्हतं."

"दिवस कसे भरभर जातात, भाऊ."

"बाळ कुणावर गेलंय?"

"वेलावर."

बगळ्याने तेही लिहून घेतले. मग रक्त घेतले. आजार निघाला. औषध लगेच सुरू झाले. भोपळ्याला लोहाच्या गोळ्या मिळाल्या.

साळूबाई धावत शेजारच्या कोल्हिणीकडे गेली. तिचाही नवरा तसाच गेला होता.

"अगं, परसात अजून एक भोपळा आहे. घेऊन जा."

"नको गं बाई. सरकारी कागदावर खोटं कसं सांगू?"

जंगलातली ती एकमेव प्रामाणिक कोल्हीण होती. ती रोज रांगेत उभी राही, रोज खरे सांगे आणि रोज परत येई. पुढच्या उन्हाळ्यात ती गेली. साळूबाईने तिचे दार लोटून घेतले.

तोवर विधवा हरिणी, टाकलेली नीलगाय, सत्तरीची हत्तीण, सगळ्या भोपळे बांधून येऊ लागल्या होत्या. हत्तिणीला सहा लागले. सिंहमहाराजांनी चौकशी नेमली. जंगलातले सगळे भोपळ्याचे वेल उपटले गेले. नियम तेवढा राहिला. साळूबाईचे औषधही चालू राहिले, कारण कागदावर तिचा अजून आठवाच महिना चालू आहे.

मग महाराजांनी कोल्हिणीला 'सत्यशिरोमणी' पदवी दिली. खुर्चीवर तिचा फोटो ठेवला होता. शाल फोटोलाच पांघरली.

बगळ्याला भाषण पुरे करता आले नाही. "रोज यायची हो," एवढेच तो म्हणाला.

तात्पर्य: मुलांनो, खोटे कधी बोलू नये. खरे बोलणाऱ्याला औषध मिळाले नाही, तरी शाल नक्की मिळते.