जब्बारभाईंचा वकील

चिखलीत आमच्या कॉलनीत नवा भाडेकरू आला की पहिल्याच सकाळी तो गॅलरीत येऊन बैल शोधतो. घुंगरांचा आवाज तर येत असतो, पोळ्याला सजवलेल्या बैलाच्या गळ्यात असते तशा घसघशीत माळेचा. पण रस्त्यावर बैल नसतो. असतो एक तांबूस, एक कान पडलेला कुत्रा, आणि त्याच्यामागे लुंगी सावरत चालणारे जब्बारभाई.

"हे काय हो?" असं त्यानं विचारलं की आम्ही जुनी माणसं शांतपणे सांगतो, "सापांना कळावं म्हणून." मग तो जास्तच घाबरतो.

जब्बारभाई आमच्या समोर राहतात. सारी हयात गाद्या भरण्यात गेली. आता गुडघे धरतात म्हणून दुकान बंद केलंय, पण सवय जात नाही. कोणाच्याही घरी गेले की आधी गादी दाबून पाहतात, मग यजमानाची तब्येत विचारतात. आमच्या गादीवर एकदा हात ठेवून म्हणाले, "सर, यात रुई कमी अन् चिंध्या जास्त हायेत. झोप तरी कशी येते तुम्हाले?" त्या दिवसापर्यंत बरी येत होती.

बायको जाऊन काही वर्षं झाली. मुलगी जालन्याला दिलेली. घरात ते एकटे आणि अंगणात वकील. कुत्र्याचं हे नाव त्यांनीच ठेवलं. पिल्लू असताना समोर भाकरी टाकली तरी तो खाण्याआधी तिच्याशी भांडायचा, म्हणून.

आमची कॉलनी गावाच्या शेवटाला. पलीकडे सोयाबीनची शेतं, मध्ये रिकामे प्लॉट आणि त्यात माणूसभर गाजरगवत. पावसाळ्यात साप निघतातच. आणि साप दिसला की वकिलाच्या अंगात येतं. तो चावत नाही, पळत नाही, सापाभोवती फेर धरून नुसता भुंकत राहतो. या भांडखोरपणात एक दिवस त्याचा जीव जाणार, ही जब्बारभाईंना धास्ती. म्हणून त्यांनी देऊळगाव राजाच्या बाजारातून ती घुंगरमाळ आणली. साप आवाज ऐकेल, आधीच वाट सोडेल, आणि दोघांचीही इज्जत राहील, असा हिशेब.

मी शाळेत विज्ञान शिकवतो. मला राहवलं नाही. "जब्बारभाई, सापाला बाहेरून कान नसतात. घुंगरांनी काही होत नाही. जमिनीला दणका बसला की मात्र त्याला बरोबर कळतं."

त्यांनी माझ्याकडे दयेनं पाहिलं. "तुमच्या पुस्तकातला साप बहिरा असन, सर. चिखलीचा नाही."

पुढे एका सकाळी आम्ही तिघं फिरायला गेलो, तर शेताच्या बांधावर, धुऱ्याजवळ, चांगली लांबलचक धामण आडवी. वकील घुंगरं वाजवत तिच्याभोवती नाचायला लागला. धामण जागची हलेना. मी फक्त खाकरलो.

जब्बारभाई म्हणाले, "पाहा, कशी तल्लीन होऊन ऐकून राह्यली!"

शेवटी मी जमिनीवर दाणदाण पाय आपटले. धामण सरसरत सोयाबीनमध्ये गेली. मी विजयी मुद्रेनं वळलो.

"झालं तिचं ऐकून," जब्बारभाई म्हणाले आणि चालायला लागले.

अशा प्रत्येक भेटीनंतर घरी ओट्यावर वकिलाची हजेरी घेतली जाते. जब्बारभाई खुर्चीत, वकील समोर मान खाली घालून. "काऊन गेला होता बे तिच्या वाटेत? तिनं तुले बलावलं होतं? ती तिच्या कामाले चालली होती. तुले काही काम हाय? नाही ना? मंग काम असणाऱ्याले काऊन अडवतं?" हे बराच वेळ चालतं. आमच्या घरात त्या वेळी मिक्सर लावायला बंदी आहे. बायकोला एकही शब्द चुकवायचा नसतो.

एकदा तर वकील रिकाम्या प्लॉटमध्ये एकाच जागी सकाळपासून भुंकत होता. गवतात काळंभोर काहीतरी पडलेलं दिसत होतं. जब्बारभाईंनी सगळ्यांना लांब उभं केलं आणि सर्पमित्राला फोन लावायला लावला. तो बिचारा मोटरसायकलवर साप धरायची आकडी घेऊन आला, दबकत दबकत गवतात शिरला, आणि त्यानं ठिबकची नळी ओढून काढली. ओढत गेला तरी ती संपेना. कॉलनी पोट धरून हसली.

जब्बारभाईंचा चेहरा ढिम्म. "हसा. आज नळी निघाली, उद्या साप निघन. आपल्या वकिलानं तारीख तं घेतली ना?"

इतकं सगळं असूनही वकिलाला घराचा उंबरठा बंद होता. "नमाजाचं घर हाय, सर. त्याची जागा अंगणात. तो माह्या घरचा नाही, अंगणाचा हाय." फिरून आले की स्वतः हातपाय धुऊन, कपडे बदलूनच आत जायचे. वकीलही शहाणा. दार सताड उघडं असलं तरी पंजे उंबऱ्याच्या अलीकडे ठेवून बसायचा. पण अंगणातल्या पत्र्याखाली त्याला जी गादी होती, तशी आमच्या घरात कोणाला नाही. नवी रुई, लाल खोळ, काठाला शिलाई. मी विचारलं तर म्हणाले, "उरली होती रुई." दुकान बंद केलेल्या माणसाची रुई उरते कशी, हे मी विचारलं नाही.

मग यंदाच्या श्रावणातला तो शुक्रवार. दुपारी जब्बारभाई जुम्म्याच्या नमाजाला निघाले होते. पांढराशुभ्र कुर्ता, अत्तर, टोपी. तेवढ्यात घुंगरं जोरजोरात वाजायला लागली. मी धावत बाहेर आलो. त्यांच्या अंगणात हौदाशेजारी नाग फणा काढून उभा होता, आणि हातभर अंतरावर वकील. नाग फुत्कारला की तो जरासा मागे सरायचा आणि पुन्हा पुढे घुसायचा.

क्षणात फाटकाबाहेर गर्दी जमली. कोणी म्हणालं काठी आणा, कोणी म्हणालं रॉकेल आणा, कोणी मोबाइल काढून शूटिंगच सुरू केलं. मी सर्पमित्राला फोन लावला आणि ओरडलो, "जब्बारभाई, दारातच थांबा! तो येतोय!"

ते थांबले नाहीत. पाय आपटत, चिखल तुडवत मागून गेले, वाकले, आणि चिखलानं माखलेल्या, धडपडणाऱ्या वकिलाला त्यांनी कमरेत धरून उचललं. नाग त्यांच्याकडे वळला. फाटकाची वाट नागाच्या पलीकडे. मोकळं होतं ते फक्त घराचं दार. वकिलाला छातीशी धरून जब्बारभाई उंबरा ओलांडून आत गेले आणि त्यांनी दार लावून घेतलं.

सर्पमित्र आला, त्यानं नाग पिशवीत घातला आणि लांब सोडायला घेऊन गेला. गर्दी पांगली. तरी दार उघडेना. माझ्या मनात नको नको ते येऊन गेलं. मी खिडकीपाशी गेलो.

आत पलंगावरच्या गादीवर वकील आडवा होता. घुंगरमाळ फरशीवर पडलेली. जब्बारभाई खाली गुडघे टेकून त्याचा एकेक पाय हातात घेऊन केस बाजूला करून पाहत होते. पोट पाहिलं, गळा पाहिला, तो पडका कान उलटून पाहिला. पुन्हा पहिल्या पायापासून सुरुवात केली. ओट्यावरचा तो दरडावणीचा आवाज कुठच्या कुठे गेला होता.

"लागलं तं नाही ना रे कुठं? सांग ना बे. तुले काही झालं असतं तं मी दिवसभर बोललो असतो कोणासंग? सांज झाली की हे घर खायाले उठते रे..."

रोजची ती हजेरी आम्ही कॉलनीभर चवीनं ऐकली, मिक्सर बंद ठेवून ऐकली. पण त्या माणसाला दिवसभरात बोलायला दुसरं कोणीच नाही, हे आमच्या कोणाच्या डोक्यात आलं नव्हतं.

मी दार वाजवलं. कुर्त्यावर छातीभर चिखलाचे पंजे घेऊन त्यांनी ते उघडलं.

"कुठं काही नाही," ते म्हणाले. "दोनदोनदा पाह्यलं."

"जुम्मा चुकला तुमचा. आणि घर..."

"घर धुता येते, सर. आता आंघोळ करतो, मधली खोली धुतो अन् नमाज घरीच पढतो. अल्लाले दिसलं असन काऊन उशीर झाला ते."

मला तसंच निघवेना. "चहा पाजता का?" मी विचारलं. इतक्या वर्षांत मी तो पहिल्यांदाच मागितला. त्यांचा चेहरा एकदम उजळला. "हाव! बसा ना, बसा."

मी सवयीनं पलंगाकडे वळलो, तर त्यांनी घाईघाईनं माझा दंड धरला.

"तिथं नका बसू, सर," ते कुजबुजले. "तुम्ही खाली सतरंजीवर बसा. आत्ताच डोळा लागला त्याचा."