संत्र्यांच्या हिशोबाने घेतलेला कॉम्प्युटर

डोळ्यांसमोर आणा बरं, एक लांबट खोली. भिंतीला लागून टाइपरायटरांची रांग, प्रत्येकापुढे एकेक मूल, आणि सगळी एकदम बडवताहेत. त्या खडखडाटात तुम्हाला कुणी नावाने हाक मारली तरी ऐकू येणार नाही. सौंसरची वसंतरावांची टाइपिंग संस्था अशी होती. पण १९८८ साली तिथे एक नवाच प्रश्न ऐकू येऊ लागला, "सर, आपला कॉम्प्युटर कधी येणार?"

कारण शेजारच्या पांढुर्ण्याला सुधाकरने कॉम्प्युटर क्लासची पाटी लावली होती. सुधाकर वसंतरावांचाच जुना विद्यार्थी. कॉम्प्युटर आणला नाही तर दिवाळीपर्यंत आपली खोली रिकामी होणार, हे वसंतरावांना कळून चुकलं. त्यांनी निम्मे टाइपरायटर विकले आणि मेहुण्याला, मोरेश्वरला, सोबत घेऊन नागपूर गाठलं. मोरेश्वर संत्र्यांचा व्यापारी.

"भाऊजी, तुम्ही मास्तर मानूस," तो म्हणाला. "मालाची पारख माह्यावर सोडा."

दुकानात दोन कॉम्प्युटर शेजारी शेजारी ठेवले होते, बाहेरून सारखेच. "फरक आत आहे," दुकानदार म्हणाला. "प्रोसेसरचा. कॉम्प्युटरचा मेंदूच म्हणा ना. हा आठ हजार अठ्ठ्याऐंशी, चार पॉइंट सत्त्याहत्तर मेगाहर्ट्झ. आणि हा ऐंशी हजार दोनशे शहाऐंशी, सोळा बिट, बारा मेगाहर्ट्झ."

वसंतरावांनी मान डोलावली. त्यातलं त्यांना 'हा' आणि 'आणि हा' एवढंच समजलं होतं.

"वरचा थर नका दाखवू," मोरेश्वर म्हणाला. "झाकण उघडा."

दुकानदाराने स्क्रू काढून झाकण उघडलं. मोरेश्वरने आत वाकून पाहिलं, वास घेतला आणि वसंतरावांना बाजूला नेलं.

"भाऊजी, एका पेटीत शंभर संत्री बसली, तर फळ कसं?"

"मोठं."

"अन् तेवढ्याच पेटीत दोनशे बसली तर?"

"बारीक."

"मंग? नंबर वाढला का फळ बारीक होते. हा बावा आपल्याले ऐंशी हजारवाला बारीक माल ज्यादा भावानं देऊन राहिला."

"पण तोच चांगला आहे म्हणतो तो."

"दुकानदार जो माल सारखा पुढे करते ना, तो पडून राह्यलेला असते."

दुकानदाराने पुन्हा पुन्हा समजावलं. "काका, मोठ्या नंबरचा फास्ट आहे." मोरेश्वर म्हणाला, "घाईनं पिकवलेलं फळ आम्ही घेत नाही." शेवटी दुकानदार दमला. त्याने आठ हजार अठ्ठ्याऐंशी बांधून दिला, आणि टाइपिंगच्या धड्याची एक फ्लॉपीही दिली. त्या धड्यात पडद्यावर वरून अक्षरं पडायची. अक्षर खाली टेकायच्या आत त्याचं बटण दाबायचं.

सौंसरची मुलं त्या धड्यावर खूश झाली. वसंतरावांची अकरा वर्षांची प्रतिभा तर खुर्चीवरून उठेना. नागपूरच्या दुकानदाराला आपण कसं ओळखलं, ते मोरेश्वर पानठेल्यावर रोज सांगू लागला.

मग सुधाकरने दुसरा कॉम्प्युटर घेतला, तोच मोठ्या नंबरवाला. त्याच्या पाटीवर नवी ओळ आली, 'सौंसरपेक्षा अडीचपट वेगवान'. पंधरा दिवसांत वसंतरावांची अर्धी मुलं पांढुर्ण्याला जाऊ लागली.

"मोरेश्वरभाऊ," वसंतराव म्हणाले, "कॉम्प्युटरमध्ये नंबर वाढला की माल चांगला असतो म्हणे."

मोरेश्वरने पान दुसऱ्या गालात सरकवलं. "मंग त्या दुकानदारानं तसं सांगाव लागत होतं."

"सांगितलं होतं त्यानं. सारखं सांगत होता."

"हो, पन विश्वास बसन असं नाही सांगितलं ना."

काय ते स्वतःच्या डोळ्यांनी पाहावं, आणि खरंच आपण फसलो असलो तर संस्थेला कुलूप लावावं, असं वसंतरावांनी ठरवलं. रविवारी फ्लॉपी घेऊन ते प्रतिभासह पांढुर्ण्याच्या बसमध्ये बसले.

"या सर," सुधाकरने खुर्ची पुढे केली. "तुम्हीच चालवून पाहा. वेग बघा फक्त." त्याच्या क्लासची मुलं भोवती जमली, दोघातिघांचे वडीलही होते.

धडा सुरू झाला. वसंतरावांनी चष्मा नाकावर नीट बसवला, तेवढ्यात खेळ संपला होता. पुन्हा लावला. वरून गारपीट झाल्यासारखी अक्षरं कोसळली. तालुक्यात सर्वांत जलद टाइप करणाऱ्या माणसाला एकही अक्षर धरता आलं नाही. मग सुधाकर बसला. त्यालाही नाही.

"हा धडा जुन्या, हळू मशीनसाठी लिहिलेला आहे सर," तो खालच्या आवाजात म्हणाला. "मशीन जेवढी पळते, तेवढं अक्षर पळते. दुसरा धडा मागवून राहिलो मी."

"मागव, मागव," वसंतराव म्हणाले आणि रुमालात तोंड लपवून खोकले. भोवतीचे वडील एकमेकांकडे पाहत होते. त्या गडबडीत प्रतिभा खुर्चीवर बसली आणि तिने दोन अक्षरं धरली, हे कुणाच्या लक्षात आलं नाही.

आठवड्याभरात वसंतरावांची मुलं परत आली. पानठेल्यावर मोरेश्वर सांगू लागला, "पेटी पाहून कळते मले, कोन्तं फळ कोन्त्या बाजारात चालन ते."

"बघ बेटा," वसंतराव प्रतिभाला म्हणाले, "वस्तू घेताना आधी आपलं काम पाहायचं. नंबर मागून."

"हो बाबा. पन आपल्या इथं अक्षर खाली येईपर्यंत मले जांभई येते."

वसंतराव हसले. रविवारच्या वर्गासाठी त्यांनी कपाट उघडलं, तर फ्लॉपी नव्हती. प्रतिभाला विचारावं म्हणून हाक मारली, तर प्रतिभाही नव्हती.

ती मोरेश्वरमामाच्या ट्रकमध्ये, संत्र्यांच्या पेट्यांपुढे बसून पांढुर्ण्याला पोचली होती. सुधाकरच्या दारात तिने चपला काढल्या, दप्तरातून फ्लॉपी काढली आणि म्हणाली, "सुधाकरदादा, ती गारपीट लावून द्या ना."