बटणरावांचा लाखात एक वाचक

घरगुती संगणक नवे होते तेव्हा बटणरावांचं वर्तमानपत्रातलं संगणकाचं सदर हजारो लोक वाचायचे. पण त्यांचा लाडका वाचक एकच, तो म्हणजे मी! उगाच नाही सांगत, पुरावा आहे. दिवाणखान्यातला आमच्या लग्नाचा फोटो उतरवून तिथे मी त्यांचं पत्र फ्रेम करून लावलंय: 'तुमच्यासारखा वाचक लाखात एक!' तेही चक्क संगणकावर छापलेलं, खाली शाईने सही! एका माणसासाठी बटणरावांनी प्रिंटर करकरवला, म्हणजे बघा!

बटणराव गेले. स्मरणसभेत मुख्य भाषण अर्थातच मी मागून घेतलं. निघताना फ्रेम बगलेत मारली.

"राहू दे ना ती भिंतीवर," बरोबर निघालेली बायको म्हणाली.

"लोकांना पुरावा नको?"

बटणरावांच्या पत्नीने, म्हणजे काकूंनी, कपाटातली एक कॅसेट मला दिली होती. त्या काळी प्रोग्रॅम गाण्यांच्या कॅसेटवरच साठवत. लेबलवर एकच शब्द होता: 'वाचक'. माझा ऊर भरून आला. बटणरावांनी माझ्यावर प्रोग्रॅम लिहिला होता!

सभेत मी माझा जुना संगणक टीव्हीला जोडला आणि कॅसेट लावली. कुईंऽऽ! खर्रर्र! पहिल्या रांगेतल्या काकूंना मी धीर दिला, "घाबरू नका हं काकू, आत प्रोग्रॅम चढतोय. असाच आवाज येतो."

"हो का?" काकू म्हणाल्या.

चढायला पाच मिनिटं लागली. तेवढ्यात मी फ्रेम सगळ्या रांगांतून फिरवून आणली.

पडद्यावर रोमन अक्षरांतलं मराठी उमटलं: 'वाचकाचे नाव?' मी थाटात माझं नाव टाइप केलं. झरझर पत्र आलं! मी मोठ्याने वाचलं, "तुमच्यासारखा वाचक लाखात एक!"

आणि खाली आलं: 'पुढच्या वाचकाचे नाव?'

माझ्या पायाखालची जमीनच सरकली! फ्रेम बघतो, पडदा बघतो. शब्दन् शब्द तोच!

"अहो, हे तर माझं पत्र!" एक दातांचे डॉक्टर उठून ओरडले. "दवाखान्यात लावलंय मी!"

"माझ्याकडेही आहे!" मागून आवाज आला. मग तिसरा. मग चौथा!

मी कसाबसा काकूंकडे वळलो. "बटणराव सगळ्यांना हेच पाठवायचे?"

"छे! ह्यांना कुठला वेळ? पत्रं मीच पाठवायची. प्रोग्रॅमही माझाच."

"आणि... सही?"

"तीही माझीच." मग माझा चेहरा बघून त्यांना दया आली असावी. "पण तुम्ही पक्के लक्षात आहात हो माझ्या! आठवड्याला चार पत्रं यायची तुमची. ती वाचण्यातच वेळ जायचा, बाकीच्यांना उत्तरं कधी देणार? तुमच्यामुळेच तर हा प्रोग्रॅम लिहावा लागला!"

सभागृह हसून लोटपोट झालं. सगळ्यात मोठ्याने कोण हसलं, ते सांगत नाही. तिच्याबरोबरच घरी यायचं होतं.

भिंतीवर आता लग्नाचा फोटो परत लावलाय. त्याची दुसरी प्रत कोणाकडे नाही, एवढी खात्री मात्र मी करून घेतली!