लवू शिगवणचे सतरा आजार

लवू शिगवणला शिंकसुद्धा क्वचित यायची. लोटे गावच्या रसायनांच्या कारखान्यात तो पाळीने काम करायचा, सुट्टीच्या दिवशी डोंगर चढून लाकडाचा भारा आणायचा, आणि जेवायला बसला की त्याच्या बायकोला, दमयंतीला, भाकरीचं पीठ पुन्हा मळावं लागायचं. तरीही कामगार विम्याच्या दवाखान्यात त्याच्याइतका आजारी माणूस दुसरा नव्हता.

कारण साधं होतं. विम्याचं कार्ड लवूचं होतं आणि आजार वाडीचे. वाडीतले बाकीचे शेती करत होते, त्यांना कसलं कार्ड? सोनूबाईचे गुडघे, दादूचा दमा, कमळाचं पित्त, रघूची खरूज, एवढंच काय, चिमाच्या म्हशीला लागणारं कॅल्शियम, हे सगळं दर मंगळवारी लवूच्या अंगात यायचं. आधीचे डॉक्टर वर्तमानपत्रातून मान वर न करता विचारायचे, "काय होतंय?" लवू सांगेल ते केसपेपरवर लिहायचे. मग औषधाच्या खिडकीतून कंपाउंडर रावजी विचारायचा, "बाटली आणलीस काय?" पातळ औषधाला बाटली ज्याची त्याने आणायची असा तिथला शिरस्ता होता. लवूच्या पिशवीत चार असायच्या.

"अवो, एका माणसानं एवढे आजार घेऊ नयेत," दमयंती म्हणायची. "अंगाला लागतील."

"घेतो कुठं? नुसता सांगतो."

पुढे ते डॉक्टर निवृत्त झाले आणि डॉ. मायदेव आले. औषधांवरचा खर्च हाताबाहेर चालला आहे, तो आवरा, असं वरून पत्र आलं होतं, आणि वरून आलेलं पत्र मनापासून वाचणाऱ्या थोड्या माणसांपैकी मायदेव एक होते. पहिल्याच दिवशी त्यांनी फळा रंगवून घेतला : 'केसपेपरशिवाय एकही गोळी मिळणार नाही.' मग कपाटातले सगळे केसपेपर काढून त्यांनी माणसागणिक लावले. लवूचे कागद एका टाचणीत मावेनात. रावजीने ते सुतळीने बांधून टेबलावर ठेवले.

पुढच्या मंगळवारी लवू आत गेला तेव्हा डॉक्टर उठून उभे राहिले. त्याला आधार देऊन त्यांनी खुर्चीवर बसवलं.

"शिगवण, तुम्ही चालत आलात?"

"हो साहेब. लांब नाय, तीन मैल."

"अहो, सतरा आजार आहेत तुम्हाला! दमा, संधिवात, लघवीत साखर. रक्तदाब एकाच मंगळवारी वाढलेला आणि उतरलेला. वैद्यकशास्त्राला हे समजत नाही. आणि अशा अवस्थेत तुम्ही रसायनांत काम करता?" त्यांनी काळजीने कोरा कागद पुढे ओढला. "मी कारखान्याला आजच कळवतो."

लवूने घाईघाईने सांगितलं की आज जरा बरं वाटतंय. डॉक्टर म्हणाले, गंभीर रोगी नेहमी असंच म्हणतात.

दोन दिवसांनी कारखान्याच्या साहेबांनी लवूला फाटकातच थांबवलं. रत्नागिरीला तीन डॉक्टरांचं मंडळ पुढच्या गुरुवारी तपासणी करणार होतं. त्यांनी नालायक ठरवलं की नोकरी संपली. सहा वर्षं हंगामी काढून लवू गेल्याच दिवाळीला कायम झाला होता.

संध्याकाळी वाडी त्याच्या पडवीत जमली.

"सरळ खरं सांग," दमयंती म्हणाली. "धडधाकट हाय म्हणावं."

"मग औषधं कुठं गेली म्हणून विचारतील ना!" लवू म्हणाला. "खरं सांगितलं तर चोर म्हणून काढतील, खोटं सांगितलं तर आजारी म्हणून."

दादूने विडी पेटवली, खोकला, आणि खोकता खोकताच त्याला सुचलं. "अरे, बरा झालास म्हणून सांग! औषधं दिली, ती लागू पडली. त्यांना तरी दुसरं काय हवंय?"

हे सगळ्यांना पटलं. मात्र सतरा आजारांतून उठलेला माणूस साधा धडधाकट दिसून भागणार नाही, असं सोनूबाईचं म्हणणं पडलं. तेव्हा ज्याचा आजार होता त्याने तो घालवायची जबाबदारी घेतली. दादू सकाळी लवूला घाटीवर पळवायचा आणि स्वतः खाली धोंडीवर बसून धापा टाकायचा. सोनूबाई त्याला शंभर उठाबशा घालायला लावायची आणि मोजायला चुकली की पहिल्यापासून सुरू करायची. खरजेचा डाग राहू नये म्हणून रघू त्याला भर थंडीत पहाटे पऱ्याच्या, म्हणजे वाडीजवळच्या ओढ्याच्या, पाण्यात बसवून काथ्याने घासायचा. चिमाने रोज तांब्याभर दूध पाठवलं. म्हशीचं कॅल्शियम त्याच्याच नावावर होतं, तेव्हा ते एक फिटलं.

गुरुवारी मंडळाच्या तिन्ही डॉक्टरांनी लवूला जिना चढायला लावला. तो तीनदा चढून आला तरी त्याची छाती शांत होती. त्याच्यामागून एकदाच चढलेले अध्यक्ष पाणी मागत होते.

"सतरा आजार?" सुतळीचा गठ्ठा उलटापालटा करत त्यांनी विचारलं.

"होते, साहेब."

"आणि आता?"

"औषधानं गेले. एकेक करून गेले. पित्त तेवढं मागे राहिलं होतं, ते सोमवारी गेलं."

"कसलं औषध देतात हो तुमच्या दवाखान्यात?"

लवूने प्रामाणिकपणे आठवून पाहिलं. "लाल असतं, साहेब."

तिघांनी एकमेकांकडे पाहिलं. इतक्या वर्षांच्या नोकरीत सरकारी औषधाने बरा झाल्याचं इतक्या छातीठोकपणे सांगणारा माणूस त्यांना भेटला नव्हता. 'पूर्ण निरोगी' असा शेरा मारून त्यांनी सह्या केल्या आणि सुतळीचा गठ्ठा, इतर दवाखान्यांना नमुना म्हणून, मुंबईच्या कचेरीकडे पाठवून दिला.

लवू शुक्रवारी कामावर रुजू झाला आणि शनिवारी पऱ्याचं पाणी बोललं. अंग भट्टीसारखं तापलं, दातांवर दात वाजू लागले. घोंगडी पांघरून तो आयुष्यात पहिल्यांदाच स्वतःचा आजार घेऊन दवाखान्यात गेला.

मायदेवांनी थर्मामीटर पाहिला. एकशे तीन. त्यांनी पेन उचललं, आणि मग ते हळूच खाली ठेवलं.

"शिगवण, तुमचा केसपेपर मुंबईला गेलाय."

"नवीन काढा की, साहेब."

"जुना रद्द झाल्याशिवाय नवीन निघत नाही." त्यांनी फळ्याकडे पाहिलं. त्यावर खाली त्यांचीच सही होती. "साधा ताप आहे. पेज प्या, पडून राहा. सोमवारी मी स्वतः मुंबईला फोन लावतो." ते खरंच ओशाळले होते.

बाहेर रावजीने खिडकीतून लवूला खुणावलं. "इथं कशाला आलास? चार वर्षांचं औषध तुझ्या वाडीत हाय."

ते मात्र खरं निघालं. गोळ्या कडू लागतात म्हणून दादूने त्या माळ्यावर ठेवल्या होत्या. कमळाला लाल औषधाचा वास आवडत नव्हता. सोनूबाईने तर सगळं पत्र्याच्या ट्रंकेत, ठेवणीतल्या लुगड्याखाली जपलं होतं. एवढं सरकारी औषध उगाच संपवायचं तिच्या जिवावर आलं होतं. तासाभरात सगळा साठा तिच्या ओटीवर जमला. प्रत्येक पुडीवर नाव एकच : लवू शिगवण.

"हे बघ, सगळं तुझ्या नावचंच हाय," दादू म्हणाला.

घोंगडीतला लवू कुडकुडत पायरीवर टेकला. सोनूबाई तांदूळ निवडत होती. तिने सुपातून मान वर न करता विचारलं, "काय होतंय?"

"ताप गो, म्हातारे."

"हाय तापाचं." तिने साठ्यातून बरणी काढली, झाकण उघडून वास घेतला आणि बरणी मागे घेतली.

"बाटली आणलीस काय?"