रिकामा रकाना

पातळ भाजी झाकणात आणि भाकरी वाटीत वाढली, तर बालाजी जेवत नाही. अंबाजोगाईच्या आमच्या छोट्या ऑफिसात तो माझ्या शेजारी बसतो. “आधी डबा बघ बे, मग माल,” हे त्याचं ब्रीद.

कामातही तेच. डेटाबेसमधल्या तक्त्यांवरून आमच्याकडे एक प्रोग्राम जावा या संगणकभाषेतला कोड आपोआप लिहितो. कुठल्या रकान्यात आकडा, कुठल्यात तारीख, हे तोच ठरवतो आणि हमखास चुकतो. एकदा त्यानं मोबाईल नंबरालाच आकडा ठरवलं. बालाजी दिवसभर धुमसत होता. “नंबरांची काय बेरीज करायची हाय का?” मी तयार कोडमध्येच दुरुस्ती करू लागलो, तर त्यानं माझा माऊस काढून घेतला. “उद्या पुन्ना चालवला की तुझं समदं पुसून टाकंल त्यो. त्याला नियम शिकव.”

मग ऊसतोडीला जाणाऱ्यांच्या मुलांच्या वसतिगृहाचं काम आलं. त्यात एक रकाना होता: वडील हयात आहेत का? काही मुलांपुढे तो रिकामा होता. प्रोग्रामनं मात्र असा प्रकार निवडला, की त्यात फक्त हो किंवा नाही मावावं. रिकाम्या जागी त्यानं ‘नाही’ धरलं आणि स्क्रीनवर कितीतरी बाप एकदम वारले. काम संध्याकाळी द्यायचं होतं.

“तिथं ‘हो’ भरून टाकू,” मी म्हणालो. “असतीलच की.”

“तू बगून आलास का?”

तेवढ्यात धारूरहून त्याच्या चुलत्यांचा फोन आला. बालाजी शाळेत असताना त्याचे वडील ऊसतोडीला गेले, ते परतलेच नाहीत. हात कीबोर्डवर असल्यानं त्यानं स्पीकर लावला.

“बाळ्या, बारा वरसं उलटली. दादा गेला असं धर, दर्भाचा पुतळा करून अग्नी दे आता. वैनीनं कुटवर कुंकू लावायचं?”

“ठाऊक न्हाई म्हंजी ‘न्हाई’ असं होत न्हाई, तात्या.”

फोन ठेवून त्यानं नियम बदलला. रकान्याला रिकामं राहता येईल असा प्रकार दिला. स्क्रीनवर तिसरं उत्तर उमटलं: माहीत नाही.

घरी जाताना तो आईसाठी कुंकू घ्यायला थांबला. यंदा माझे वडील वारले आणि आईचं कुंकू सुटलं, तेव्हापासून त्या दुकानापुढून मी मान खाली घालून जातो. बालाजीला ते ठाऊक आहे.

“तू फुडं हो बे.”

मी थांबलो. एरवी प्रत्येक डबीचं झाकण उघडून बघणाऱ्या बालाजीनं हाताला आली ती डबी न बघता खिशात टाकली आणि लगबगीनं माझ्याजवळ आला.