धारवाडकरांचा अभिप्राय

सेतुमाधवरावांच्या घरी फोटो पाहायचा तर आधी साबणाने हात धुवावे लागत. मग ते स्वतः तुमची बोटं टॉवेलने कोरडी करत, खिडकीपाशी बसवत आणि मांडीवर एक फोटो ठेवत. एकच. पाच मिनिटं बोलायची बंदी. "अंमळ सावकाश पाहा," एवढं सांगून ते समोर बसत आणि फोटोकडे नाही, तुमच्या तोंडाकडे पाहत. पहिल्या दिवशी मला वाटलं, आता माझं ऑपरेशनच होणार.

बँकेने माझी बदली तंजावरला केली आणि मी त्यांच्या माडीवर भाडेकरू झालो, ती नव्वदीची सुरुवात. कोपऱ्यावर तासाभरात रंगीत फोटो देणारं दुकान नुकतंच उघडलं होतं. आणि आमचे घरमालक, पिढ्यान्‌पिढ्यांचे तंजावरकर मराठी, पाटबंधारे खात्यातून निवृत्त, वहीच्या पानाएवढ्या फिल्मवर एकेक फोटो काढत. भात्याचा लाकडी कॅमेरा, भक्कम तिवई, डोक्यावर घ्यायला काळं कापड. महिन्याला फार तर दोन फोटो. तेही भातशेतीचे, नाहीतर कावेरीचे. माणसांचे कधीच नाहीत.

"माणूस हलतो," ते म्हणत. "झाडही हलतं. पण झाडाला सांगून उपयोग नाही, म्हणून तेचा राग येत नाही."

एकदा मी त्यांच्याबरोबर पापनाशमला गेलो. बांधावर तिवई उभी राहिली, सेतुमाधवराव काळ्या कापडात शिरले आणि दहा मिनिटांत शेतकरी गोळा झाले. कालव्याची मोजणी आली असं समजून जो तो आपल्या पाण्याची तक्रार सांगू लागला. खात्यातला माणूस तो! कापडातून बाहेर आले, वही काढली, सगळ्यांच्या तक्रारी लिहून घेतल्या, खाली सहीसुद्धा ठोकली. तोवर ऊन उतरलं. परतताना बसमध्ये ऊन, वारा आणि मी, तिघांनीही बोलणी खाल्ली.

पण त्यांचा जीव अडकला होता तो एका चपट्या पत्र्याच्या पेटीत. मोठ्या फिल्मचे असे वेडे ते धरून चौघे, चार गावांतले, एकमेकांना कधी न भेटलेले. पेटी पोस्टाने फिरे. आली की आपला जुना फोटो काढायचा, नवा ठेवायचा, इतरांच्या फोटोंवर चिठ्ठीत अभिप्राय लिहायचा आणि पेटी पुढच्याला धाडायची. बडोद्याच्या गृहस्थांनी कॅमेरा विकून रंगीत टीव्ही घेतला, इंदूरचे मुलाकडे अमेरिकेला गेले. उरले हे आणि धारवाडचे इनामदार.

इनामदारांच्या चिठ्ठ्या मराठीत. सेतुमाधवराव मराठी बोलत, पण देवनागरी वाचायला शिकलेच नव्हते. लिहायचं ते तमिळ किंवा इंग्रजीत. त्यामुळे चिठ्ठी वाचायचं काम माझ्याकडे आलं. सोपं काम. तीन वर्षं चिठ्ठीत एकच वाक्य: "आकाश रिकामे."

एकदा मला दया आली. मी वाचलं, "फोटो उत्तम आहे."

"तो मनुष्य असं लिहिणार नाही. नीट वाचा."

वाचलं. सेतुमाधवराव उठून येरझारा घालू लागले. "अय्यो! आकाश रिकामं म्हणे! मग काय तेथें तोरण बांधूं?" पण दुसऱ्या दिवशी भल्या पहाटे आकाश गडद दाखवणारी भिंगावरची पिवळी काच घेऊन स्वारी ढगांच्या मागे. इनामदारांच्या तोंडून एकदा "बरे" वदवून घ्यायचं, याखेरीज त्यांना आयुष्यात काही नको होतं.

आणि तिरुवैयारूला ढग सापडले. नदीवर थरावर थर. फोटो पाहून मीसुद्धा न सांगता पाच मिनिटं गप्प बसलो. पेटी धारवाडला गेली. पुढे दोन महिने आमच्या पोस्टमनला फुकट कॉफी मिळाली.

पेटी आली. आत फक्त सेतुमाधवरावांचाच फोटो होता, नि एक पत्र. मी मनातल्या मनात वाचलं आणि मोठ्याने म्हणालो, "आकाश रिकामे."

"कुलकर्णी," ते हळूच म्हणाले, "कागद दोन्हीकडून भरलाय. वाचा."

पत्र इनामदारांच्या मुलीचं होतं. वडील गेले, पेटी पोचण्याच्या आठवडाभर आधी. तीन वर्षं त्यांना दिसतच नव्हतं. तीच त्यांच्या ठेवणीतला एखादा फोटो पेटीत घाली, सेतुमाधवरावांचा फोटो त्यांना वर्णन करून सांगे आणि चिठ्ठी लिही. सगळं सांगून झालं की ते हसत म्हणायचे, "लिही, आकाश रिकामे. छान म्हटलं तर तो मनुष्य थांबेल, नि आपल्याकडे काही येणार नाही."

सेतुमाधवरावांनी पत्र माझ्या हातातून घेतलं. वाचता येत नसलेल्या त्या ओळींवरून त्यांनी बोट फिरवलं. मुलं मद्रासला, ती फोटोकडे बघायचीही नाहीत. घरात ते एकटे.

"बहु खोटा मनुष्य," ते म्हणाले. मग पत्राची घडी घालत, "आतां माझी चूक कोण काढील हो?"

मी उठलो. साबणाने हात धुतले, पुसले आणि तिरुवैयारूचा फोटो मांडीवर घेतला. मला फोटोतलं ओ की ठो कळत नाही. तरी म्हणालो, "ही नारळांची ओळ जराशी तिरकी आलीय."

त्यांनी मान वर केली.

"तिरकी?" खुर्ची पुढे ओढत ते ओरडले, "कुठें तिरकी? दाखवा! बोट ठेवून दाखवा!"