पुढची आज्ञा येईपर्यंत

सकाळचे साडेनऊ वाजले होते आणि निर्मळ गावचे हरिभाऊ स्वतःच्या वाडीतल्या बावखलात गुडघाभर चिखलात उभे होते. उजवा हात खांद्यातून सरळ पुढे, त्या हाताचं बोट काठाच्या मातीला टेकलेलं, डाव्या हातात फोन आणि तोंड बंद. चिखलाचं कुणाला नवल वाटलं नसतं. केळी-फुलांची वाडी करणाऱ्या माणसाला वाडीतल्या तळ्याचा चिखल काही परका नसतो. नवल होतं ते तोंड बंद असण्याचं.

हरिभाऊंनी जन्मात कुणाचं ऐकलं नव्हतं. डॉक्टर मीठ कमी करा म्हणाले, तर ते डॉक्टरांनाच सोनचाफ्याचं कलम कसं बांधावं हे सांगून आले. विमलाताईंनी छत्तीस वर्षांच्या संसारात सांगितलेली एकही गोष्ट त्यांनी पहिल्या खेपेला केल्याचं कुणाच्या ऐकिवात नव्हतं. असा हा माणूस मुकाट उभा होता, कारण लेकीने सांगितलं होतं.

लेक नेत्रा अमेरिकेत होती आणि तिचं काम मंगळावर होतं. तिथे एक रोव्हर, म्हणजे माणसाशिवाय चालणारी गाडी, एका आटलेल्या तळ्याच्या काठाकाठाने फिरत होती. तिथले खडक थराथरांचे, केळीचा खुंट कापल्यावर पापुद्रे दिसतात तसे. कुठला थर आधी बसला, तेव्हा पाणी साचलेलं होतं की वाहतं, हे फोटोंवरून ओळखणाऱ्या मंडळींत नेत्रा होती. चार वर्षं ती घरी आली नव्हती. एका वर्षी रजा मिळाली नाही, पुढच्या वर्षी गाडीचं चाक झिजलं, त्याच्या पुढच्या वर्षी तिथे धुळीचं वादळ उठलं. मंगळावरच्या धुळीपायी निर्मळची पोरगी घरी येत नाही, हे हरिभाऊ कुणाला सांगणार?

दर रविवारी तिचा फोन यायचा. पाऊण तास मायलेकींचं बोलणं व्हायचं आणि शेवटी फोन हरिभाऊंकडे. "बाबा, बरे आहात ना?" "बरा." एवढ्यावर दोघांचे शब्द संपायचे. आठवडाभर मनात साठवलेलं सगळं फोन हातात आला की कुठे पळून जायचं देव जाणे. मग ते बावखलाच्या पायरीवर जाऊन बसायचे. दहा वर्षांची नेत्रा तिथेच फ्रॉक खोचून काठाची माती काडीने टोकरत बसायची. त्यांना तिची आठवण यायची आणि ती फार यायची.

गेल्या रविवारी मात्र तिने आधी त्यांनाच मागून घेतलं.

"बाबा, आपल्याकडच्या शाळेतल्या मुलांना मी ऑनलाइन दाखवणार आहे रोव्हर कसा काम करतो ते. एक मूल रोव्हर होणार, बाकीचे आज्ञा लिहिणार. त्याआधी मला एकदा करून बघायचंय. तुम्ही होता रोव्हर?"

"मला काय करायचं?"

"मी यादी पाठवणार, तुम्ही तसंच करायचं. परत विचारायचं नाही, कुणाशी बोलायचं नाही. मंगळावर काय फोन करून विचारता येतं? दिवसाची यादी एकदाच जाते. तो तेवढं करतो, फोटो पाठवतो आणि पुढची यादी येईपर्यंत थांबतो."

"आणि काम झालं की परत कधी आणता त्याला?"

"परत नाही येत तो, बाबा. गेला की गेला."

हे उत्तर हरिभाऊंना लागलं. पण एक अख्खी सकाळ लेकीच्या कामाची मिळत होती. ती नीट पार पडली तर पुढचीही मिळेल, असा त्यांचा साधा हिशेब होता. विमलाताईंनाही त्यांनी काही सांगितलं नाही. ही गोष्ट त्यांना एकट्याला हवी होती.

यादी सकाळी आठला आली. बावखल वैशाखात आटलेलंच होतं, त्यात तीनच दिवसांपूर्वी जेसीबी लावून गाळ काढलेला. त्यामुळे डावीकडचा काठ सुरीने कापल्यासारखा उभा झाला होता आणि त्यात काळे, पिवळे, शिंपल्यांचे असे थर स्वच्छ दिसत होते. नेत्राने फोटो पाहून तोच काठ निवडला होता. पहिली आज्ञा, पायऱ्या उतरा. हरिभाऊ उतरले. दुसरी आज्ञा, काठ डावीकडे ठेवून सरळ बारा पावलं चाला. दहाव्या पावलाला कोरडी जमीन संपली आणि पुढे उरलासुरला चिखल होता. हरिभाऊ थबकले. नेत्राने ही पावलं लहानपणी मोजलेली होती, आणि ती तिच्या तेव्हाच्या पायांची होती, हे त्यांच्या एकदम लक्षात आलं. पण रोव्हर विचारत नाही. त्यांनी अकरावं आणि बारावं पाऊल टाकलं.

डावीकडे वळून त्यांनी काठाला पट्टी लावली, थर मोजले, सात भरले, प्रत्येकाचा फोटो धाडला. पाचवी आज्ञा होती, उजवा हात लांब करून खालून तिसऱ्या थराला बोट टेकवा. सहावी, पुढची आज्ञा येईपर्यंत तसेच थांबा.

हरिभाऊ थांबले.

पहिल्यांदा त्यांना पाहिलं ते शेजारच्या वाडीतल्या मार्थाबायने. केळीची पानं कापायला आली होती.

"हरी, काय करतोस रे चिखलात?"

उत्तर नाही.

"अरे, बोलत का नाय तू? हात का असा ताठ?"

हरिभाऊंनी डोळ्यांनी 'सगळं ठीक आहे' असं सांगायचा प्रयत्न केला. त्यात त्यांचा एक डोळा जरा जास्तच मिटला गेला. मार्थाबायने कोयता टाकला आणि विमलाताईंचं घर गाठलं.

"विमला, चल लवकर. हरीची वाचा गेली, हात पन गेला. तोंडपन वाकडं होतंय."

"वाचा?" विमलाताई तांदूळ निवडत म्हणाल्या. "भांडण झालं असेल कुणाशी. तीन दिवस टिकतं त्यांचं."

"अगं, मी दोनदा विचारलं तरी बोलला नाय."

दोनदा विचारूनही हरिभाऊ बोलले नाहीत, हे ऐकल्यावर मात्र विमलाताईंच्या हातातलं सूप खाली आलं. धावता धावता त्यांनी मुलाला, अनुजला फोन लावला. तो विरारच्या बँकेत होता. "बाबांना काहीतरी झालंय, ये," एवढंच सांगून त्यांनी फोन ठेवला.

त्या दोघींना पळताना पाहून जयवंत सर मागून आले. निवृत्त झाल्यापासून गावातली बावखलं बुजू न देणं हे सरांचं व्रत होतं. त्यांनी आधी ताजा कापलेला काठ पाहिला, मग लेंग्याच्या खिशातून डोकावणारी पट्टी पाहिली आणि त्यांना सगळा उलगडा झाला.

"याला लकवा म्हणत नाहीत, वहिनी. याला मोजणी म्हणतात. तीन दिवसांपूर्वी जेसीबी, आज पट्टी, उद्या भरावाचे डंपर आणि परवा सात मजले."

"काय ओ?" विमलाताई काठावरून खाली वाकल्या. "विकताय? मला न विचारता?"

हरिभाऊंच्या ओठांपर्यंत सतरा उत्तरं आली आणि तिथेच थांबली. उजवा हात आता भरून आला होता. बोट मात्र तिसऱ्या थरावरच होतं.

"बघा, नाही म्हणत नाहीत," सर म्हणाले.

बातमीला वाडीत पाय लागतच नाहीत, ती आधीच पोचलेली असते. दहा वाजेपर्यंत काठावर पंचवीस माणसं जमली. निम्मी आजाऱ्याला बघायला आली होती, निम्मी विरोध करायला. समोर इतके श्रोते आणि पुढ्यात उत्तर न देणारा हरिभाऊ, असा योग सरांना उभ्या आयुष्यात लाभला नव्हता. त्यांनी पाऊण तास भाषण केलं. पाणी कसं मुरतं, विहिरी कशा जगतात, वाडवडिलांनी हे का खणलं, आणि शाळेत एका वर्गात असताना हरिभाऊंनी त्यांची शाईची दौत कशी फोडली होती, हे सगळं त्यात आलं. हरिभाऊ मान न वळवता ऐकत राहिले. मार्थाबाय मधूनच खाली उतरून त्यांच्या तोंडाशी शहाळं धरत होती. रोव्हरने शहाळं प्यावं की नाही याबद्दल यादीत काही नव्हतं, म्हणून ते त्यांनी प्यायलं.

"गिळतोय," मार्थाबायने वर सांगितलं.

साडेअकराला अनुज स्कूटर फेकून धावत आला. सरळ चिखलात उतरला, वडिलांच्या डाव्या हातातला फोन काढून घेतला आणि बघत राहिला. मग त्याने काठावरच्या मंडळींकडे पाहिलं.

"आई, त्यांना काही झालेलं नाही. ते मंगळावर आहेत."

विमलाताईंनी पदर तोंडाला लावला. अनुजने सहाही आज्ञा मोठ्याने वाचून दाखवल्या तेव्हा कुठे मंडळींच्या डोक्यात उजेड पडला.

"झालं ना बाबा? चला आता वर. तिकडे रात्रीचे अकरा वाजलेत, ती झोपली असेल."

हरिभाऊंनी नकारार्थी मान हलवली. दोन तासांत त्यांनी मान हलवली ती पहिल्यांदाच. अनुजने कपाळावर हात मारला आणि बहिणीला फोन लावून स्पीकर चालू केला. बऱ्याच वेळाने झोपेतला आवाज आला.

"काय रे?"

"तू बाबांना थांबायला सांगितलंस?"

"हो, तुमच्या सकाळी. मग सातवी पाठवायची राहूनच..." आवाज थांबला. "ते अजून उभे आहेत?"

"हात पुढे करून."

पलीकडे नेत्रा आधी हसली, मग तिला हसता येईना. "बाबा," ती म्हणाली, "सातवी आज्ञा. हात खाली घ्या."

हरिभाऊंनी डाव्या हाताने उजवा हात धरून खाली आणला. विमलाताई चिखलाची पर्वा न करता उतरल्या आणि तो चोळू लागल्या. मग हरिभाऊ काठाकडे वळले.

"जयवंत," ते म्हणाले, "पहिली गोष्ट, दौत तुझ्याच कोपराने फुटली होती." आणि दोन तास तुंबलेली सतरा उत्तरं त्यांनी एकामागून एक दिली. बावखल आपण मेलो तरी बुजणार नाही, हे सोळावं होतं. ते ऐकून सरांनी त्यांना हात देऊन वर घेतलं.

"बाबा, पण चिखलात कसे गेलात?" फोनवरून नेत्राने विचारलं. "मी बारा पावलं कोरडी मोजलेली."

"पावलं तुझी होती गं. फ्रॉकमधली."

हरिभाऊंनी फोन तोंडाजवळ नेला. "झोप आता," ते म्हणाले.

संध्याकाळी दंडाला तेल लावून ते पायरीवर बसले आणि डाव्या हाताच्या एका बोटाने अर्धा तास काहीतरी टाइप करत राहिले. विमलाताईंनी मागून डोकावून वाचलं.

"१. रजेचा अर्ज लिही. २. तिकीट काढ. फोटो पाठव. ३. विमानतळावरून सरळ घरी ये. परत विचारायचं नाही. ४. बावखलाच्या पायऱ्या उतर. आता तुझे पाय लांब झालेत, दहाच पावलं टाक. ५. पुढची आज्ञा येईपर्यंत तिथेच थांब."

दोन दिवस काहीच आलं नाही. हरिभाऊ चहा गार करून पीत होते आणि फोन पालथा ठेवून पुन्हा सुलटा करत होते. तिसऱ्या दिवशी सकाळी आठला नेत्राचा एकही शब्द नसलेला नुसता एक फोटो आला. विमान तिकिटाचा, चौदा जूनच्या. हरिभाऊंनी फोन इतका वेळ धरून ठेवला की शेवटी विमलाताईंना तो त्यांच्या हातातून सोडवून घ्यावा लागला. त्यांनी डोळे पुसले, तारीख दोनदा वाचली आणि मग त्यांना शंका आली.

"अहो, पण ती तुमची पुढची आज्ञा? ती कधी पाठवणार?"

"बघू," हरिभाऊ म्हणाले. "राहून जातं कधीकधी."